पांढऱ्या जपानी गाडीचा वचक

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा निम्मा झाला, त्याच सुमारास ती गाडी आमच्याकडच्या रस्त्यांवर दिसू लागली. लांबुळकी, पांढरी, घरातली सगळी माणसं एका वेळी पोटात घेणारी. कंपनी जपानची. तिचं खरं नाव कोणी धड घेत नसे, ‘जपानी गाडी’ म्हटलं की पुरे. आधी ती साहेबांकडे आली, मग धरणाच्या कंत्राटदारांकडे, मग पुढाऱ्यांकडे. पवनीच्या चौकात अशी गाडी येऊन थांबली की पानठेल्यावरचा आवाज खाली यायचा. आत कोण बसलंय ते कोणाला माहीत नसायचं, तरी लोक जरा सरळ उभे राहायचे.

माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे दुसऱ्याची काळी-पिवळी जीप चालवत. ती कधी कुठे बसकण मारेल याचा नेम नसे. सवाऱ्या उतरून ढकलायच्या आणि शिव्या यांना द्यायच्या. त्यामुळे यांच्या डोक्यात ती जपानी गाडी बसली होती. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर एक मिस्त्री होता, त्याच्याकडे हे जीप घेऊन जात. एकदा मीही बरोबर होते. यांनी विचारलं, “ते जपानी गाडी कशी हाय गा?”

मिस्त्री हात पुसत म्हणाला, “मले नाई आवडत.”

“काहून?”

“माह्याकडे येतच नाई. तेल बदलाले येते आन चालली जाते. अशा गाड्या आल्या तं माह्या लेकरायनं काय खावं?”

यांनी तेवढं ऐकलं आणि ठरवलं. दोन वर्षांनी नागपूरच्या एका माणसाकडून जुनी गाडी घेतली. त्याने ती कुठल्याशा सरकारी खात्याला भाड्याने लावलेली होती. करार संपला म्हणून विकायला काढली. विकण्याआधी दारावरची निळी अक्षरं खरवडून काढली होती, पण उन्हानं आजूबाजूचा रंग पिवळट पडलेला आणि अक्षरांखालचा तेवढा पांढराशुभ्र राहिलेला. तिरप्या उन्हात ‘शासन’ हा शब्द नीट वाचता यायचा. मी म्हटलं, रंग मारून घ्या. हे म्हणाले, “राहू दे. पोलीस अडवत नाई.”

माझे सासरे कोष्टी. जन्मभर खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसलेले. गाडी दारात आली तेव्हा ते माग सोडून उठलेही नाहीत. पण शेजारचे निवृत्त गुरुजी गाडी बघायला आले आणि त्यांनी ओसरीवर बसून त्या कंपनीची सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ती वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचली होती. ही कंपनी आधी गाड्या करतच नव्हती, माग करायची. मूळ माणूस सुताराचा मुलगा. घरात आई मागावर राबताना बघून त्याला तिचे कष्ट हलके करावेसे वाटले. पुढे त्याने असा माग केला की एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबायचा. त्या मागाचे हक्क परदेशात विकले गेले आणि त्याच्या मुलाने मोटारींचा उद्योग उभा केला. लढाईनंतर कंपनी बुडायला आली होती, पण सावरली आणि जगभर पसरली. तिच्या कारखान्यात म्हणे कोणीही साधा कामगार चूक दिसली की दोरी ओढून सगळं काम थांबवू शकतो.

आतून मागाचा आवाज बंद झाला होता. सासरे बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोनेटवर हात ठेवून म्हणाले, “म्हंजे कोष्ट्याचीच गाडी हाय म्हना की!”

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हे ऐकवू लागले. गुरुजींच्या कहाणीत ते स्वतःची भर घालत. सहा महिन्यांत तो जपानी सुतार जवळजवळ आमच्या नात्यातला झाला होता.

गाडी खरंच चांगली निघाली. लग्नाची भाडी, नागपूरचे दवाखाने, सगळीकडे जाऊन यायची, कुरकुर नाही. त्रास व्हायचा तो दुसराच. गोसीखुर्दच्या धरणात जाणाऱ्या गावांकडे भाडं घेऊन गेलं की हे घरी गप्प होऊन यायचे. गाडी वेशीवर दिसली की बाया लेकरांना घरात ओढायच्या. एकदा एक म्हातारा काठी टेकत आला आणि यांच्यापुढे हात जोडून म्हणाला, “साहेब, आमच्या गावात पानी कवा सोडता?” हे सांगत राहिले की मी ड्रायव्हर आहे, पवनीचा कोष्टी आहे. म्हातारा हात जोडूनच उभा.

माझी मोठी नणंद अशाच एका गावात दिली होती. वैनगंगेच्या काठचं गाव. धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, तशी अर्धी घरं उठून नव्या गावठाणात गेली होती. उरलेली माणसं म्हणत, आधी आमची सोय नीट करा, मग हलू. नणंदेचं घर उरलेल्यांत होतं. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर पाणी येऊन थांबलं होतं आणि गावात येणारा रस्ता एका नाल्यापाशी बुडाला होता. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते.

त्या दिवशी दुपारी मी शिवणावर बसले होते. मी घरी ब्लाऊज शिवायचे, पवनीतली आणि आसपासच्या गावांतली गिऱ्हाइकं होती. हे जेवून आडवे झाले होते. फोन वाजला, यांनी उचलला, मी कान लावला. नणंदेचे यजमान, आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, दुसऱ्याच्या मोबाईलवरून बोलत होते. आवाज ओळखू येत नव्हता.

“तुह्या बहिनीले परडानं चावलं. गोवऱ्या काढत होती. पाय फुगून राहिला.”

परड म्हणजे घोणस. पाणी चढलं की साप उंच जागा धरतात, गोवऱ्यांचे ढीग, कुडाच्या भिंती. यांनी विचारलं, गावात कोण आहे? भाऊजी म्हणाले, कोणी नाही, सगळे मोठ्या रस्त्यावर आंदोलनाला गेलेत, घरात म्हाताऱ्या आणि लेकरं आहेत. मोटारसायकल नाल्यातून निघत नाही. दवाखान्याची गाडी मागितली तर ती दुसरीकडे गेलेली.

हे शर्टाची बटणं लावत पळाले. मी हातातला ब्लाऊज तसाच टाकला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. सासऱ्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांची मुलगी होती ती. मागाचा आवाज आमच्या मागे चालूच राहिला.

हे एरवी गाडी जपून चालवत, त्या दिवशी खड्ड्यांतून नेली. मी मनात धरून चालले होते की आंदोलन मोठ्या रस्त्यावर आहे, आपल्याला आतल्या फाट्याने जायचंय. आंदोलन नेमकं त्या फाट्यावरच होतं.

मोहाच्या झाडाखाली दोन-अडीचशे माणसं असावीत. रस्त्यावर बैलगाड्या आडव्या, त्यांच्या पुढे बोराटीचे काटे. आमची गाडी दिसताच बसलेली माणसं उठली. यांनी वेग कमी केला, हात बाहेर काढून हलवला. समोरून कोणीतरी ओरडलं, “मोजनीवाले आले रे!”

पुढचं सगळं फार लवकर घडलं. माणसं दोन्ही बाजूंनी धावत आली. गाडीच्या पत्र्यावर हात, काठ्या आपटू लागल्या. मागची काच फुटली, तिचे तुकडे सीटवर सांडल्याचा आवाज मी ऐकला. एकाने यांचं दार उघडून यांना कॉलरला धरून बाहेर ओढलं, दुसऱ्याने आत हात घालून किल्ली काढली. हे ओरडत होते, “मी डायव्हर हाव, पेशंट हाय गावात!” कोणी ऐकत नव्हतं. एक पोरगेला माणूस दारावर बोट फिरवून वाचत होता, “हे पाहा, शासन! नाव पुसून आनली!”

मी माझ्या बाजूने उतरले. बाई उतरल्याचं बघून जवळची माणसं जरा थबकली. मी मोठ्याने म्हटलं, “माझ्या नणंदेला साप चावलाय. तिला न्यायला आलोय. सोडा यांना!”

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. काळीसावळी, उंच, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. किल्ली काढणाऱ्याच्या हातातून तिने ती घेतली आणि मुठीत धरली. त्यावरून कळलं की इथे तिचं चालतं.

“कोन नणंद?”

मी घर सांगितलं. नदीकडचं, दारात सीताफळाचं झाड असलेलं.

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. “ते तं सकाळी माह्यासंगं पानी भरून राहिली होती. तिले काय झालं?”

“आत्ता चावला. तुम्ही इकडे आल्यावर.”

“मांगच्या बारीले बी असेच आले,” म्हातारी गर्दीकडे तोंड करून म्हणाली. “दवाखान्याचं सांगलं आन घरं मोजून गेले. आमी बाया लेकरं घेऊन रांगेत उभ्या, आन थे भिंतीवर नंबर टाकून राहिले. याच रंगाची गाडी होती.”

लोक पुन्हा ओरडू लागले. मागून एका बाईचा आवाज आला, “थांबा ना! हे तं पवनीची शिवणवाली होय. माह्या पोरीच्या लग्नाचे ब्लाऊज इनंच शिवले.”

मला वाटलं, सुटलो. पण एका माणसाने तिला तिथेच गप्प केलं. “शिवणवाली साहेबाच्या गाडीत कायले येईल?”

ही आमचीच गाडी आहे, हे मी दोनदा बोलले, आणि बोलताना मलाच ते खोटं वाटलं. हे रस्त्यावर गुडघ्यावर बसले होते, शर्ट फाटला होता, ओठातून रक्त येत होतं. त्यांनी म्हातारीकडे बघून हात जोडले. “माय, ते मरून राहिली तिथं. तुमी मले बांधून ठेवा. गाडी तुमचा कोनी चालवत असंन तं त्याले द्या. पन तिले आना.”

म्हातारी गाडीला वळसा घालून माझ्या सीटवर चढून बसली आणि उघड्या दारातून किल्ली यांच्यापुढे धरली.

“चाल. मी येते. खोटं निघालं तं या गाडीले नाल्यातच बुडवीन, तुले बी.”

बैलगाडी बाजूला झाली. मी मागे फुटक्या काचांत जागा करून बसले. चार-पाच पोरं गाडीमागे धावू लागली, विश्वासाने की संशयाने, कोण जाणे.

नाल्यापाशी आलो तेव्हा समोर रस्ता नव्हताच. पसरलेलं गढूळ पाणी आणि पलीकडे गावाची कौलं. डावीकडे खोल पात्र आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण कडा कुठे ते दिसत नव्हतं. यांनी ब्रेक दाबला.

म्हातारी म्हणाली, “कायले थांबला? जपानी गाडी हाय म्हंतेत ना, कुठंच अडत नाई!”

“रस्ता दिसला तं जाईल ना माय.”

मी साडी खोचून पाण्यात उतरले. हे “अवं, थांब” म्हणाले, पण उतरले नाहीत. गाडी चालवायला तेच हवे होते. पाणी गुडघ्याच्या वर आलं. पायाखाली डांबर लागत होतं, तोवर मी चालत राहिले. डावा पाय चिखलात गेला की उजवीकडे सरकायचं. माझ्या मागे इंजिनाची घरघर, आणि खिडकीतून म्हातारीचं ओरडणं, “उजव्या अंगानं! बाभळीकडे तोंड धर!” पाण्यातून काटक्या, गवताच्या पेंड्या वाहत होत्या. प्रत्येक काडी मला साप वाटत होती. नणंदेला ज्याने चावलं त्याचे भाऊबंद याच पाण्यातून वर आले असणार, हे डोक्यातून जाईना. पाय उचलायचा, टेकवायचा, डांबर लागलं की श्वास सोडायचा, एवढंच मी करत होते.

पलीकडे पोचलो आणि गाडी थेट दारात नेली. नणंद खाटेवर होती. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा, घोट्याच्या वर दोरी करकचून बांधलेली. तिने आमच्याकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, तर हिरड्यांतून रक्त येत होतं.

म्हातारी तिच्यापाशी गेली, तिच्या कपाळावर तळवा ठेवला. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, “उचला.”

परतताना मी चालले नाही. आता आमच्या मागे आलेली पोरं पाण्यात दोन्ही बाजूंनी उभी राहिली, कडेची खूण म्हणून, आणि गाडी त्यांच्यामधून निघाली. निम्म्यावर आल्यावर मागचं चाक कडेवरून घसरलं. गाडी एका बाजूला कलली, नणंद माझ्या अंगावर आली, भाऊजींनी तिला दोन्ही हातांनी धरलं. इंजिन चालू होतं, चाक नुसतं फिरत होतं, पाणी दारातून आत येत होतं. यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि फाट्याच्या दिशेने हाळी दिली. मी आजवर एवढा मोठा आवाज बाईच्या गळ्यातून ऐकला नाही. फाट्यावरची माणसं पळत आली. मघाशी ज्याने यांची कॉलर धरली होती, तोही होता. छातीएवढ्या पाण्यात उतरून त्याने मागच्या चाकापाशी खांदा लावला. “हाना!” म्हणून सगळ्यांनी एकदम रेटा दिला. दुसऱ्या रेट्याला गाडी डांबरावर आली.

फाट्यावरच्या बैलगाड्या तोवर कोणीतरी बाजूला घेतल्या होत्या. काटे अजून रस्त्यात होते, ते आम्ही तसेच चिरडून गेलो.

पवनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ती दोरी सोडवली आणि ती बांधल्याबद्दल भाऊजींना रागावले. इंजेक्शनं होती. ती देऊन तिला भंडाऱ्याला हलवायला सांगितलं. तेही आमच्याच गाडीतून. तिच्या हातात सलाईन, ती बाटली मी वर धरलेली, आणि म्हातारी तिचे पाय मांडीवर घेऊन बसलेली. घरी निरोप गेला होता. सासरे रस्त्यात उभे राहून गाडीत बसायचं म्हणाले, पण जागा नव्हती. त्यांनी खिडकीतून लेकीचा हात धरला, गाडी हलली तशी तो सुटला.

तीन दिवस तिचं काही सांगता येत नाही असंच डॉक्टर म्हणत राहिले. चौथ्या दिवशी तिच्या लघवीतून येणारं रक्त थांबलं आणि त्यांनी आम्हाला जेवून यायला सांगितलं. पाय वाचला, पण पुढे तो कायम जरा आखडलेला राहिला.

म्हातारी पहिल्याच सकाळी परत निघाली होती. भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात ती रात्रभर बसून होती. यांनी म्हटलं, “माय, सोडून देतो.” मीही बरोबर गेले. वाटेत तिने यांच्या सुजलेल्या ओठाकडे एक-दोनदा पाहिलं. शेवटी म्हणाली, “आमच्या पोरायनं तुले मारलं. थे बरं नाई झालं.” हे म्हणाले, “मी बी त्यायच्या जागी असतो तं तेच केलं असतं.”

फाटा यायच्या बराच आधी, एका वळणावर, तिने गाडी थांबवायला लावली.

“इथंच उतरते.”

“अजून लंबं हाय माय. पाय दुखतीन.”

“दुखू दे.” ती उतरली, साडी खोचली, मग खिडकीशी वाकली. “या गाडीतून उतरताना कोनी पाह्यलं तं म्हंतीन, म्हातारी साहेबाले जाऊन मिळाली. दहा गावचे लोक हायेत तिथं. सगळ्यायले कालचं माहीत नाई.”

हे काहीतरी बोलायला गेले, पण ती चालायला लागली होती. आम्ही गाडी बंद करून तिथेच थांबलो. सरळ रस्त्याने ती जात होती, आमच्याकडे वळून न पाहता. मोहाच्या झाडाखालून दोघं-तिघं उठून तिच्याकडे आली, तिच्याभोवती उभी राहिली. त्यातल्या एकाने हात कपाळावर धरून आमच्या दिशेने पाहिलं. यांनी घाईघाईने गाडी मागे घेतली आणि वळवली.

त्या गावात पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरलं. नणंदेला नव्या गावठाणात जागा मिळाली, टिनाच्या छताचं घर, दारात सावली नाही. मी तिकडे गेले की ती लंगडत चहा करते आणि तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावते, कारण तिला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही. म्हातारीचं घर तिसऱ्या गल्लीत होतं. एकदा मी मुद्दाम तिथे गेले. तिने मला ओळखलं, पाणी दिलं आणि शेजारणीला सांगितलं, “हे पवनीची शिवणवाली. हिच्या नणंदेले परड चावलं होतं तवा मी पान्यातून गाडी काढून देली.” मी मान डोलावली. तिने काढून दिलीच होती.